कोपऱ्यावरचं बोट

डोकं मागे घ्या, नायना. वर बघा,
पत्र्याला भोक आहे, उन्हाची काडी येते, तिथं.
एक थेंब. मिटा आता.
मी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट दाबून धरते
दोन मिनिटं,
औषध नाकातून घशात, घशातून रक्तात उतरू नये म्हणून.
उतरलं तर तोंडाला पाणी सुटेल, घाम फुटेल,
पोटात मुरडा येईल;
एका डोळ्याला लिहिलेली चिठ्ठी
घरभर वाचली जाईल.

उद्या पेपर आहे. दोन मिनिटांत मनातल्या मनात
म्हणून घेते: एम-टू हृदयात, एम-थ्री
बाहुलीभोवतीच्या गोल स्नायूत, आतड्यात, लाळेच्या ग्रंथीत.

रिसेप्टर म्हणजे काय गं, तुम्ही विचारलं होतंत.
सरांनी कुलूप-किल्ली सांगितली होती.
ती तुमच्यापुढं म्हणवेना.
विडी घरकुलातल्या आपल्या दाराला कुलूप कधी लागलं?
अम्मा सदा उंबऱ्यात, सुपात तंबाखू घेऊन.
मी म्हटलं, जेकार्डचा पुठ्ठा आठवा.
भोक आलं की सुई आत जाते,
ताण्याचा धागा उचलला जातो, चादरीवर मोर उमटतो.
भोक बुजलं की सुई आपटून मागे,
मोराला पिसारा नाही.
बुजवतंय कोण पण, म्हणालात.

मी बुजवलं होतं.

गड्ड्याच्या जत्रेतून पोट धरून आलात त्या रात्री.
सहा महिन्यांची फार्मसी शिकलेली मी,
पाकिटाची मागची बाजू न वाचता
मुरड्याची गोळी हातावर ठेवली.
आतडं निवलं. शाबास, म्हणालात,
शेजारच्या बोल्ली काकांनाही सांगून आलात.

गोळीला कुठलं आतडं आणि कुठला डोळा.
तिला भोकं दिसतात, ती बुजवत जाते.
तोंड सुकलं, छाती धडधडू लागली,
बाहुली पसरली, पसरतच राहिली,
कोपऱ्यातली मोरी तुंबली,
आणि पहाटेपर्यंत डावा डोळा गोट्यासारखा टणक.
बल्बभोवती तुम्हाला रंगांची कडी दिसली.
उलटी करता करता म्हणालात,
रंग पक्का आहे गं. कुठल्या रंगाऱ्याचा?

सिव्हिलमधल्या बाईंनी एवढंच विचारलं:
गोळी कुणी दिली?
दुकानातून घेतली, तुम्ही सांगितलंत.

पुस्तकात रिसेप्टरची दोन घराणी आहेत.
एकाला अळंबीचं नाव, एकाला तंबाखूचं.
तंबाखूचं घराणं आपल्या उंबऱ्यात बसलेलं असतं,
हजार विड्या होईतो उठत नाही,
रात्री त्याची बोटं ताट धरताना थरथरतात.
दोन्ही घरी चालतो तो एकच निरोप्या, असिटिलकोलिन.
येतो, धागा उचलतो,
आणि पापणी लवायच्या आत कुणीतरी त्याचे दोन तुकडे करतं.
इतकं थोडं जगणारं दुसरं काही मी शिकलेली नाही.

अम्मा सोमवारी सिद्धेश्वराला धोतऱ्याचं फूल न्यायची.
हल्ली नुसता बेल नेते.
मी काही बोलले नव्हते.
माझ्या वहीत अट्रोपिनच्या धड्यावर
मी त्या फुलाचं चित्र काढलं होतं, एवढंच;
तिला वाचता येतं ते तेलुगू, आणि चित्रं.

संध्याकाळ झाली का?
नाही, नायना. दुपारचे तीन.
थेंबानं बाहुली मोहरीएवढी होते,
खोली थोडी विझते. होईल बरोबर.
मग उद्याच्या पेपरात मी येणार का?
येणार. कुणाला देऊ नये, त्या प्रश्नात.
किती मार्काला?
सहा.

सहाच, म्हणता तुम्ही, आणि हसता
मिटल्या डोळ्यांनी.
दोन मिनिटं कधीच झालीत.
बोट अजून तिथंच आहे.